शनिवारची चिठ्ठी

८ जानेवारी १९७९, सोमवार

आज अनुसयाबाई प्रसूतिगृहात व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या खुर्चीला हात आहेत. घरी येऊन हे सांगितलं तर अम्मा हसली आणि मग डोळे पुसत बसली. माझा जन्म याच प्रसूतिगृहातला. तेव्हा एकच मजला होता, अम्मा म्हणते.

अकरा वर्षं ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहिले. तिथं गणपतराव गुळाच्या गाड्यांची बिलं घेऊन यायचे. शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी आहे आणि या प्रसूतिगृहाच्या ट्रस्टचे ते अध्यक्ष. एकदा त्यांच्या मुनिमाची, त्यांचंच नुकसान करणारी चूक मी काढून दाखवली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. आज सगळ्यांसमोर म्हणाले, "शमशादबाईंकडून काम शिकून घ्या." मला बरं वाटलं. पण समितीतले दोघे जण खिडकीबाहेर बघत होते, तेही मी पाहिलं.

स्थिती वाईट आहे. वीस खाटा, अकरा नोकर, तीन महिन्यांचे पगार थकलेले. औषधवाल्याने उधारी बंद केली आहे. मार्चअखेर हिशेब जुळला नाही तर सरकारी अनुदान थांबेल आणि मग दाराला टाळं. गरिबांच्या बायका मग कुठं जाणार?

१३ जानेवारी, शनिवार

आठवडाभर नुसती बघत होते. कापूस किती आला माहीत नाही, किती गेला माहीत नाही. सलाइनच्या बाटल्या जिन्याखाली, चादरींच्या मागं, एक तर देवाच्या फोटोपाशी. ज्याला जे हवं ते तो उचलतो. नोंदवही आहे, पण तिच्यात शेवटची नोंद गेल्या दिवाळीची.

सगळं दानम्मा सिस्टरच्या डोक्यात आहे. निपाणीकडची बाई, साठीला टेकलेली, इथं एकतीस वर्षं. सगळे तिला अक्का म्हणतात, डॉक्टरीणबाईसुद्धा. काहीही विचारलं की सांगते, "हाय की, काळजी करू नगासा." कुठं आहे ते सांगत नाही, जाऊन घेऊन येते.

अशा माणसांवर संस्था चालते, आणि अशाच माणसांमुळे बुडतेही. उद्या ही बाई आजारी पडली तर?

२९ जानेवारी, सोमवार

आज साठ्याची मोजदाद पुरी केली. बाळाप्पा शिपाई शिडीवर आणि मी खाली वही घेऊन. बाळंतपणाच्या खोलीत चादरींच्या कप्प्यामागं बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात रक्तस्राव थांबवायच्या इंजेक्शनच्या आठ कुप्या, दोन सिरिंजा, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या दोन सलाइन. कुठल्याच कागदावर त्यांची नोंद नाही.

दानम्माला विचारलं. तिनं लपवलं नाही. म्हणाली, माझंच हाय ते, अडीनडीला.

मी म्हणाले, "अक्का, संस्थेचं औषध तुमचं कसं?"

 डब्याचं झाकण तिनं माझ्या हातातून घेऊन नीट बसवलं आणि मग डबा परत दिला.

माल जमा करून वहीत लिहिलं, 'हिशेबाबाहेरचा साठा, आत घेतला.' पाठोपाठ आणखी काही निघालं. एकूण चारशे बारा रुपयांचा माल असा इथं तिथं पडून होता, आणि त्याच वेळी आपण तोच माल उधारीवर मागवत होतो. संध्याकाळी गणपतरावांना आकडा सांगितला, तर ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

५ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून नवी पद्धत. ऑफिस आणि बाळंतपणाची खोली यांच्या मधल्या खोलीत लोखंडी कपाट, त्याला कुलूप. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी गणपतरावांकडे पेढीवर. चिठ्ठीशिवाय काही मिळणार नाही, चिठ्ठी रजिस्टरला चढल्याशिवाय खरी नाही. वाटपाची वेळ सकाळी दहा ते बारा, रविवारी बंद. प्रत्येक खोलीला आठवड्याचा ठरलेला माल. तो कसा ठरवला तेही लिहून लावलं आहे. औषधवाल्याच्या बिलांवरून गेल्या सहा महिन्यांतला खप, भागिले सव्वीस आठवडे. त्या हिशेबानं रक्तस्रावाच्या इंजेक्शनच्या आठवड्याला चार कुप्या येतात.

दानम्मानं तो कागद चष्मा लावून वाचला. मग म्हणाली, "बाई, बायका काय भागाकारानं येत न्हाईत."

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. पण आतून राग आला. ट्रान्सपोर्टमध्ये पुरुषांनी असं बोललेलं मी ऐकून घेतलं होतं. इथंही तेच करायचं का?

२० फेब्रुवारी, मंगळवार

परवा रविवारी कपाटाची कडी उचकटलेली सापडली. दानम्मानं पेचकसानं उघडून एक सलाइन काढली होती. तिनं स्वतःच येऊन सांगितलं. बाई फारच गळून गेली होती म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा वेळ थांबता आलं असतं, तशी घाई नव्हती. मग मी पाच रुपये दंड लावला. जड गेलं. पण आज तिला सोडलं तर उद्या प्रत्येक जण पेचकस घेऊन येईल.

तिनं पाचाची नोट टेबलावर ठेवली. पावतीवर सही केली. जाताना विचारलं, रविवारी किल्ली कुणाकडं असती? मी सांगितलं, घरी माझ्याकडे, नाहीतर पेढीवर. "आन तुमी दोघंबी नसला तर?" म्हणाली. मी म्हणाले, असं कधी होणार नाही.

मन लावून काम करणारी बाई आहे, पण बदल पचत नाही. वयाचं असेल.

३१ मार्च, शनिवार

आज सगळ्यांचे पगार दिले. थकलेले तीन महिने आणि हा महिना, सगळे. रोख, पाकिटात, नाव लिहून. बाळाप्पानं पाकीट कपाळाला लावलं. पोरीचं लग्न त्यानं दोन वेळा पुढं ढकललं होतं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, किराणा दुकानदार आता पुन्हा हसून बोलेल.

औषधांचा खर्च निम्म्यावर आला आहे. औषधवाल्यानं उधारी सुरू केली. समितीतले ते दोघे, खिडकीबाहेर बघणारे, आज माझ्याकडे बघून बोलले. त्यातले एक तर म्हणाले की ही पद्धत दुसऱ्या संस्थांनाही दाखवली पाहिजे.

दानम्मानं पाकीट घेतलं, मोजलं नाही. म्हणाली, "तुमी हे केलासा ते लई चांगलं केलासा बाई." खोटं नव्हतं तिच्या तोंडावर. मला वाटतं आता ती रुळली.

अम्माला पैसे दिले. तिनं विचारलं, तू वाळलीस किती. मी म्हणाले, आकडे खातात. खरं म्हणजे मी फार आनंदात होते.

२८ एप्रिल, शनिवार

उद्या पन्हाळ्याला रशिदाचा साखरपुडा. माझ्या भावाची, अल्लाउद्दीनभाईची मोठी पोर. भाई टेलर, स्वतः शिवलेला तिचा शरारा आज तीन वेळा घडी करून पाहिला. दीडच्या एसटीनं सगळे निघतोय, मुक्काम तिथंच, उद्या संध्याकाळी परत.

बारा वाजून वीस मिनिटांनी दानम्मानं बाळाप्पाबरोबर चिठ्ठी पाठवली. इंजेक्शनच्या चार कुप्या पाहिजेत म्हणून. आठवड्याचा माल सोमवारीच दिला आहे आणि एक कुपी अजून शिल्लक आहे, हे तिनंच खाली लिहिलंय. मी कपाट बंद करून हात धुतले होते. बाळाप्पाला म्हणाले, सोमवारी बघू. तो चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवून गेला. नियम एकदा सैल केला की तो राहत नाही. आणि खरं सांगायचं तर मला गाडीची घाई होती.

३० एप्रिल, सोमवार

हे कसं लिहू.

काल दुपारी एक बाई गेली. राजाक्का. कोडोलीची, माहेरी बाळंतपणाला आलेली, वय बावीस, दुसरी खेप. बाळ वाचलं, मुलगी आहे.

मी सकाळी आठला पोचले तेव्हा बाळाप्पा फाटकात उभा होता. त्यानंच सगळं सांगितलं, नंतर इंगळे डॉक्टरीणबाईंनी. शेवटची कुपी शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या एका बाईला लागली होती. रविवारी दोनच्या सुमाराला राजाक्का बाळंत झाली आणि रक्त थांबेना. खोलीत इंजेक्शन नाही. दानम्मानं बाळाप्पाला सायकलवर आमच्या घरी पिटाळलं. घराला कुलूप. तिथून तो पेढीवर गेला, तर गणपतराव बिद्रीला लग्नाला गेलेले, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. रविवार म्हणून औषधाची दुकानं बंद, एक सापडलं त्यात ते इंजेक्शन नव्हतं. तो परत आला तोवर दानम्मानं बत्त्यानं कुलूप फोडलं होतं. हाताला जखम होती. इंजेक्शन दिलं, सलाइन लावली, डॉक्टरीणबाई आल्या, टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेत होते. बिंदू चौकाच्या पुढं तिनं मान टाकली.

त्या वेळी मी पन्हाळ्यावर तबक बागेत बायकांना पेढे वाटत होते. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

कपाट उघडून मोजलं. त्या इंजेक्शनच्या एकतीस कुप्या आहेत. एकतीस.

१ मे, मंगळवार

सुट्टी. अम्मानं जेवायला तीनदा बोलावलं. गेले नाही.

२ मे, बुधवार

ट्रेमध्ये शनिवारची चिठ्ठी सापडली. मी रजिस्टरला चढवली नव्हती. दानम्माचं ठसठशीत अक्षर, 'चार पायजेत, एकच शिल्लक हाय, आठवडा जड हाय.' खाली तारीख, वेळ, सही. माझ्याच छापील नमुन्यावर.

गणपतराव दुपारी आले. खूप चांगले बोलले. म्हणाले, बाळंतपण आहे, शंभरात एखादी जातेच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मी तुमच्या पाठीशी आहे. शनिवारी समितीची बैठक ठेवली आहे. मला एकच विचारलं, सिस्टरनं आधी मागणी केली होती का? मी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात मागणी नाही.

मी एवढंच केलं. रजिस्टर दाखवलं. तोंडानं 'नाही' म्हणाले नाही.

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे. नीट विचार करून देईन. ती फाडावी असं क्षणभर मनात आलं होतं, हेही लिहून ठेवते. या नोकरीवर घर चालतं. भाईच्या पोरीचं लग्न डोक्यावर आहे. आणि समितीतले ते दोघे म्हणतील, बघा, बाई ठेवली की असं होतं. बाईच्या पुढं आणखी काय म्हणतील तेही मला माहीत आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही.

५ मे, शनिवार

बैठक. दानम्माला उभं केलं होतं. मी नोंदी लिहायला बसले होते.

गणपतरावांनी विचारलं की कुलूप फोडायला किती वेळ लागला. ती म्हणाली, फोडायला काय, दोन मिनिटं. मग त्याआधी काय करत होतात? ती म्हणाली, बाळाप्पाची वाट बघत हुते. किती वेळ? वीस मिनिटं असतील.

समितीतल्या एकानं विचारलं, मग सिस्टर, आधीच का नाही फोडलं? बाई मरायला टेकली आणि तुम्ही कुलपाकडं बघत उभ्या?

तिनं पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं आता ती चिठ्ठीचं सांगणार. दंडाचं सांगणार. माझा हात लिहिता लिहिता थांबला. ती म्हणाली, "व्हय. चुकलं माझं. पयल्यांदाच फोडाय पायजे हुतं."

बस, एवढंच. चिठ्ठीचा शब्द नाही.

ठराव झाला. सिस्टरच्या दिरंगाईमुळे उपचारास विलंब झाला, वय लक्षात घेता त्यांना सेवामुक्त करावे, एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार. व्यवस्थेत दोष आढळला नाही. हे मी माझ्या हातानं लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं आहे, आत्ता पुन्हा पाहिलं.

७ मे, सोमवार

उत्तरेश्वर पेठेत दानम्माच्या खोलीवर गेले. एक खोली, बाहेर तुळस, आत बांधलेली दोन गाठोडी. निपाणीला बहिणीकडे चालली आहे. उजव्या हाताला पट्टी होती, तरी स्टोव्ह पेटवून तिनं चहा टाकला, मला हात लावू दिला नाही.

मी विचारलं, चिठ्ठीचं का नाही सांगितलं?

 ती जे म्हणाली ते आठवेल तसं लिहिते. म्हणाली, चिठ्ठी शनिवारची, बाई मेली ऐतवारी. ऐतवारी खोलीत मी होते. कुलूप चार पावलांवर होतं, बत्ता हातात होता. आणि मी विचार करत होते की बाई पुन्हा दंड लावतील, सगळ्यांसमोर पावतीवर सही करायला लावतील, या वयात. वीस मिनिटं हाच विचार करत होते. रक्त बघत आणि हा विचार करत. "एकतीस वर्सात मी कुणाला भ्याले न्हवते, बाई. तुमाला भ्याले."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, मी राजीनामा देते. तिला राग आला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"आन मग? दुसरं कोनतरी यील. त्याला हे शिकाय आनि एक बाई मराय लागंल. तुमी शिकलासा न्हवं आता? मग ऱ्हावा तितंच."

चहा प्याले. साखर जास्त झाली होती. जिन्यापर्यंत ती पोचवायला आली आणि म्हणाली, पगार वेळेवर देत जावा सगळ्यांचा, ते बंद करू नगा. ते चांगलं हाय.

९ मे, बुधवार

पेढीवर जाऊन गणपतरावांसमोर चिठ्ठी ठेवली. सोबत माझा लेखी जबाब, चार पानं. मागणी शनिवारी आली होती, ती मी नाकारली, दंडाची भीती मी घातली, सिस्टरचा दोष नाही.

त्यांनी चिठ्ठी वाचली. जबाब वाचला नाही. गुळाचा नमुना बघावा तशी चिठ्ठी उजेडात धरली. मग शांतपणे म्हणाले, "शमशादबाई, ही रजिस्टरला चढलेली नाही. तुमचाच नियम आहे. चढली नाही म्हणजे ती नाही."

मी म्हणाले, पण ती आहे. तुमच्या हातात आहे.

ते म्हणाले, जूनमध्ये अनुदानाची तपासणी आहे. हा कागद बाहेर गेला तर अनुदान जाईल, दवाखाना बंद पडेल. एक बाई गेली, दुःख आहे, पण वर्षाला सहाशे बायका इथं बाळंत होतात, त्यांचं काय? सिस्टरला तर आपण सन्मानानं निरोप दिला. बोलताना त्यांचा आवाज मऊ होता. मला वाटतं तेही मनापासूनच बोलत होते. त्यांनी दोन्ही कागद फाइलला लावले, 'अवलोकनार्थ' असं वर लिहिलं आणि फाइल तिजोरीत ठेवली.

सहाशे बायका.  हाच हिशेब जानेवारीत मीही केला असता.

२२ जून, शुक्रवार

तपासणी झाली. साहेबांनी रजिस्टरं पाहिली, कपाट पाहिलं, चिठ्ठ्यांच्या चळती पाहिल्या. शेरा लिहिला, 'व्यवस्था अनुकरणीय.' अनुदान वाढून मिळणार. गणपतरावांनी पेढे वाटले.

बाळंतपणाच्या खोलीत मी मे महिन्यापासून एक उघडी फळी ठेवली आहे. दार नाही, कुलूप नाही, चिठ्ठी नाही. दहा कुप्या, चार सलाइन. कुणीही घ्यावं, नंतर जमेल तेव्हा सांगावं. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हणाले, हे मोजायचं नाही. त्यांना ते पटलं नसावं, पण शेऱ्यात लिहिलं नाही. महिन्याला दोन-तीन कुप्यांचा मेळ लागत नाही. लागू नये असंच वाटतं.

नवी सिस्टर हुशार आहे. चिठ्ठ्या वेळेत लिहिते. परवा तिला म्हणाले, एखादे वेळी माझ्याशी भांडत जा. ती घाबरून हातातली चिठ्ठी पुन्हा तपासायला लागली.

निपाणीला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

२९ जुलै, रविवार

आज कोडोलीला गेले. तीन महिने जायचं म्हणत होते. पत्ता केसपेपरवरून घेतला. भाई म्हणाला, कशाला जातेस, त्यांनी काही विचारलंय का? रोजे सुरू आहेत, पावसाचे दिवस, कुठं फिरतेस? मी म्हणाले, माझं मला जायचंय.

स्टँडवरून विचारत गेले. गावाच्या कडेला कौलारू घर, पुढं चिखल, त्यावर फरशीचे तुकडे टाकलेले. राजाक्काची आई विठाबाई सोप्यात बसली होती, मांडीवर बाळ. तीन महिन्यांचं, डोक्यावर काळंभोर जावळ. दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिनं उठून घोंगडं अंथरलं. तिला वाटलं बाळाला तपासायला आले. म्हणाली, बरं झालं आलासा पावणं, दूध पचतंय तिला, शेळीचं घालतोय. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हणाले, रोजा आहे. तर म्हणाली, मग थांबा, दिवस मावळल्यावर खाऊन जावा.

तिनंच सगळं सांगितलं. जावई येत नाही आता, त्याचं दुसरं ठरतंय. पोरीचं नाव अजून ठेवलं नाही, राजाक्काचंच ठेवावं असं हिला वाटतं, पण मेलेल्या आईचं नाव लेकराला लावू नये म्हणतात. थोरली नात तिकडे बापापाशी आहे. दवाखान्यानं बिल घेतलं नाही, त्याचे तिनं दोनदा उपकार मानले. ती म्हातारी सिस्टर लई रडली म्हणाली. व्हरांड्यात माझ्यासंगं जमिनीवर बसून रडली, हात रक्तानं भरलेला.

मग म्हणाली, "न्हाईच हाय ह्यावर औषिद, तर कोन काय करनार? असं म्हनून गप ऱ्हातो बगा. तुमच्या हातात असतं तर तुमी दिलं असतंसाच की."

इथं मी उठून यायला हवं होतं. बाळाच्या हातावर पैसे ठेवून, नमस्कार करून. पण मी कशासाठी आले होते ते मला पाठ होतं. एसटीत बसून मनात दहा वेळा म्हणून झालं होतं.

मी सांगितलं. औषध होतं. शेजारच्या खोलीत कपाटात होतं. किल्ली माझ्याकडे होती आणि मी गावात नव्हते. शनिवारी सिस्टरनं मागितलं होतं, मी दिलं नाही. सिस्टरचा काही दोष नाही, माझा आहे.

 तिला समजलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगायला लागले, तर तिनं हातानं थांबवलं.

"म्हंजे औषिद हुतं?"

मी म्हणाले, होतं.

"किती लांब?"

मी सोप्यातून अंगणातल्या चुलवणाकडे बोट केलं. एवढं.  तिनं तिकडं पाहिलं, चुलवणापर्यंतची पावलं मोजल्यासारखं.

"मी व्हरांड्यात बसलो हुतो," ती म्हणाली. "त्या खोलीच्या दाराला टेकूनच बसलो हुतो."

मला ते माहीत नव्हतं. बाळाप्पानं सांगितलं नव्हतं. कपाटाच्या खोलीच्या दाराला टेकून ती बसली होती.

तिनं शिवी दिली नाही, जा म्हणाली नाही. बाळ उचललं, खांद्याला लावलं आणि आत गेली. मी तशीच बसून राहिले. सून दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि तीही आत गेली. मग आतून विठाबाईचा आवाज यायला लागला. मोठ्यानं नाही. राजाक्काला हाक मारत होती, एकसारखी, आजच कळल्यासारखी.

साडेचारची एसटी गेली होती. पुढच्या गाडीपर्यंत स्टँडवर उभी राहिले. रोजा सोडायची वेळ होऊन गेली, पाणी घ्यायचं सुचलं नाही. आल्यावर अम्मानं विचारलं, तू गेलीस, त्यांना बरं वाटलं का? मी मान हलवली. ती त्याचा अर्थ 'हो' समजली की 'नाही', मला कळलं नाही.